कायद्याची दवंडी

कायद्याचें अज्ञान ही सबब होऊं शकत नाहीं, हें वचन आम्हीं कॉलेजांत शिकत असतांना प्रथम वाचलें, आणि पुढें शिकवूं लागल्यावर विद्यार्थ्यांस अनेकदा सांगितलें. नीतिशास्त्राच्या तासाला जबाबदारीचा विषय निघाला म्हणजे हें वचन उदाहरणादाखल हटकून येई, आणि तें इतकें सरळ वाटे कीं त्याच्या पोटांत कांहीं शंका दडली असेल असें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं. ती शंका आमच्यापुढें उभी केली ती कोणा तत्त्वज्ञानें नव्हे, तर आमच्या गांवच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें.

गोष्ट कांहीं वर्षांपूर्वींची. हे गृहस्थ आमच्या वडिलांच्या ओळखीचे. आम्ही त्यांस लहानपणापासून तात्या म्हणतों. गांवाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग रुंद व्हावयाचा होता, आणि त्यांत तात्यांच्या शेताची एक पट्टी जावयाची होती. रस्ता होऊं नये असें त्यांचें म्हणणें नव्हतें. मोबदल्याविषयींही तक्रार नव्हती. रेषा आंखली आहे तशीच राहिली तर विहीर रस्त्याच्या एका बाजूस व जमीन दुसऱ्या बाजूस होते, तेव्हां ती थोडी सरकवितां येईल काय, एवढेंच त्यांस विचारावयाचें होतें. परंतु ते कचेरींत पोंचले तेव्हां हरकत घेण्याची मुदत सरून गेली होती. राष्ट्रीय महामार्गांविषयींच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणें ही मुदत २१ दिवसांची. आणि ती मोजावयाची तात्यांस कळल्या दिवसापासून नव्हे, तर राजपत्रांत अधिसूचना प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून. कचेरींतील कारकून सभ्य होता. त्यानें कागद दाखविला, तारीख दाखविली, वर्तमानपत्राचें कात्रणही दाखविलें. सर्व कांहीं रीतसर होतें.

तात्या कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. आम्हीं सर्व वाचून पाहिलें, आणि जें कारकुनानें सांगितलें होतें तेंच त्यांस अधिक शुद्ध भाषेंत सांगितलें. 'तात्या, सरकारनें हें प्रसिद्ध केलें होतें.' त्यांनीं क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि ते म्हणाले, 'केलं असंल, मास्तर. पण सांगितलं कुणाला?'

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. पुढील विवेचन हा त्याच उत्तराचा शोध आहे.

प्रथम आमच्या जुन्या वचनास न्याय देऊं. तें निष्ठुरपणानें जन्मलेलें नाहीं. सतराव्या शतकांतील इंग्रज पंडित जॉन सेल्डन यानें त्याचें मर्म नेमकें ओळखलें होतें: सर्वांस कायदा ठाऊक असतो म्हणून हें वचन नाहीं, तर अज्ञानाची सबब कोणासही सांगतां येईल व ती खोटी ठरविणें कोणासही साधणार नाहीं म्हणून तें आहे. ही सबब एकदां मान्य केली कीं जो कमी वाचील तो अधिक सुरक्षित, आणि जो काळजीपूर्वक माहिती करून घेईल तोच गुन्हेगार, असा उलटा न्याय होईल. आळसास बक्षीस देणारा असा नियम कोणतेंही राज्य चालवूं शकणार नाहीं.

हें सर्व खरें. परंतु या वचनाची जात ध्यानांत ठेवली पाहिजे. तें वस्तुस्थितीचें वर्णन नव्हे. तें एक गृहीत आहे. देशांतील सर्व कायदे, नियम, उपनियम व अधिसूचना ठाऊक असलेला मनुष्य नाहीं. तसा न्यायाधीश नाहीं, वकील नाहीं, मंत्रीही नाहीं. राज्य नागरिकास म्हणतें, 'तुला ठाऊक आहे असें मी धरून चालतों.' आतां व्यवहारांत दुसऱ्याच्या नुकसानीचें कांहीं धरून चालावयाचें असेल तर धरणारानें आधीं आपल्याकडून कांहीं करावें लागतें. सावकारानें ऋणको आला नाहीं असें म्हणण्यापूर्वीं आपलें दार उघडें ठेवलेलें असलें पाहिजे. म्हणून आम्हांस हें वचन एका कराराच्या अर्ध्या भागासारखें वाटतें. 'तूं कायदा जाणून घे' हा नागरिकावरील अर्धा भाग. 'मी तो तुला जाणतां येईल असा मांडीन' हा राज्यावरील दुसरा अर्धा. पहिला भाग सूत्ररूपानें सर्वांच्या तोंडीं आहे. दुसऱ्याचें सूत्र कोणी केलें नाहीं, एवढाच काय तो भेद.

हा दुसरा भाग राज्यकर्त्यांनीं आपण होऊन क्वचितच पाळला. बहुधा तो मागून घ्यावा लागला. प्राचीन रोममध्यें कायदा हें उच्चकुलीनांच्या स्मरणांतलें धन होतें, आणि सामान्य जनांनीं आग्रह धरल्यानंतर, इसवी सनापूर्वीं ४५० च्या सुमारास, बारा फलकांवर तो लिहिला गेला. तरीही कोणत्या दिवशीं दावा लावतां येतो व तो कोणत्या शब्दांत मांडावयाचा हें पुरोहितवर्गाच्याच हातीं राहिलें. सुमारें दीडशें वर्षांनीं ग्नेयस फ्लेवियस नांवाच्या, एका मुक्त केलेल्या गुलामाच्या पोटीं जन्मलेल्या लेखनिकानें तेंही उघड केलें, आणि न्यायाच्या दिवसांचें पंचांग पांढऱ्या फळ्यावर लिहून भर चौकांत लावलें. कुलीनांस याचा मोठा राग आला. तो येणें स्वाभाविकच होतें; जें सर्वांस ठाऊक होतें त्यावर कोणाचीही मक्तेदारी उरत नाहीं.

याच रोममध्यें पुढें कॅलिग्युला हा बादशहा झाला. त्याचा चरित्रकार स्वेटोनियस सांगतो कीं, त्यानें नवे कर बसविले पण त्यांचा लेख कोठें लावला नाहीं, आणि अज्ञानानें लोकांच्या हातून गुन्हे घडूं लागले. लोकांनीं फारच ओरड केली तेव्हां त्यानें लेख लावला; परंतु तो इतक्या बारीक अक्षरांत व इतक्या अडचणीच्या जागीं कीं कोणास त्याची नक्कल करून घेतां येऊं नये. ही कथा विनोद म्हणून सांगतात. आम्हांस ती या विषयांतील मूळ धडा वाटते. कारण कॅलिग्युलानें कायदा प्रसिद्ध केला नाहीं असें कोणास म्हणतां येणार नाहीं. रीत पाळली गेली होती, हेतु मात्र मारला गेला होता. तात्यांचा प्रश्न या दोहोंमधील अंतरांत उभा आहे.

याच्या उलट टोंकास आमच्याच देशांतील एक राजा आहे. सम्राट अशोकाचे लेख हे आजच्या अर्थानें कायदे नव्हेत; ते धर्मोपदेशाचे व राजाज्ञेचे लेख आहेत. परंतु राजाचें म्हणणें प्रजेपर्यंत पोंचावें कसें, याचा त्यांतील विचार आजही शिकण्यासारखा आहे. ते लोकांच्या प्राकृत बोलींत कोरले गेले. आणि जेथें ग्रीक व अरामी भाषा चालत त्या कंदाहारास त्याच भाषांत कोरले गेले, हें १९५८ सालीं तेथें सांपडलेल्या लेखावरून दिसून आलें. आमच्या मुंबईनजीकच्या सोपाऱ्यासही १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशा एका लेखाचा तुकडा मिळाला. ज्या बंदरांत माणसांची ये-जा असे तेथें तो लावलेला होता. पण सर्वांत मोलाची गोष्ट कलिंगांतील लेखांत आहे. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशीं वाचून ऐकवावा, आणि प्रसंगीं एकट्या माणसासही ऐकवावा, अशी त्यांत आज्ञा आहे. शिळेवर अक्षर कोरलें म्हणजे काम संपलें असें त्या राजास वाटलें नाहीं. ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्याही कानांवर तें पडलें पाहिजे, हें त्यानें लेखांतच लिहून ठेवलें.

आमच्याकडील दवंडी ही याच वंशांतली. गांवांत डफ वाजे, दवंडी पिटणारा चौकाचौकांत थांबून सरकारचें म्हणणें ओरडून सांगे, आणि कागद चावडीवर लागे. दवंडीस दोष पुष्कळ होते. ओरडणारा शब्द चुकवी, ऐकणारा अर्ध्यावर उठून जाई, आणि महिन्यानें कोणी विचारलें तर पुरावा कांहींच नसे. छापील राजपत्रानें हे दोष घालविले. १६६५ सालीं लंडनांत प्लेग असल्यामुळें इंग्लंडचा दरबार ऑक्सफर्डास गेला होता, तेव्हां तेथें निघालेलें पत्र पुढें लंडन गॅझेट झालें. आणि गॅझेट ही संस्था इंग्रजांबरोबर इकडेही आली. छापील अक्षर सर्वांस एकच असतें. त्यावर तारीख असते. खुद्द सरकारलाही तें मागाहून गुपचूप बदलतां येत नाहीं. राजपत्र हें एका अर्थीं राज्यकर्त्यालाच बांधणारें दावें आहे, आणि म्हणून दवंडीच्या आठवणीनें हळहळून राजपत्राची निंदा करणारांत आम्ही नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, दवंडी ही ऐकणाराकडे चालत जात असे. राजपत्र वाचणाराची वाट पाहत बसतें.

वाट पाहावयाची तर किती, हाही प्रश्न विचारी राज्यांनीं स्वतःस विचारला आहे. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेच्या पहिल्याच कलमांत असें होतें कीं, राजधानीच्या प्रांतांत कायदा जाहीर झाल्यानंतर एका दिवसानें तो ज्ञात झाला असें धरावें, आणि इतर प्रांतांत अंतराच्या दर शंभर किलोमीटरांस आणखी एक दिवस द्यावा. घोड्यावरील टपालाच्या गतीनें कायद्याचें बळ पसरावें, अशी ही प्रामाणिक कल्पना. उलट इंग्लंडांत १७९३ पर्यंत, कायद्यांत निराळी तारीख नसेल तर, तो पार्लमेंटच्या त्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासूनच अमलांत आला असें मानीत. म्हणजे महिन्यांपूर्वीं केलेलें निर्दोष कृत्य आज गुन्हा ठरूं शके. १७९३ च्या कायद्यानें ही रीत बंद झाली. पुढें १९४६ सालीं इंग्रजांनीं आणखी एक पाऊल टाकलें: शासकीय नियम मोडल्याच्या दिवशीं तो सरकारी छापखान्यांतून निघालाच नव्हता असें आरोपीनें दाखविलें, तर सरकारनें तो लोकांस कळविण्याची अन्य वाजवी तजवीज केली होती हें सिद्ध केल्याशिवाय शिक्षा होऊं नये. अज्ञानाची सबब नाहीं, हें वचन ज्या देशांतून आम्हीं घेतलें त्याच देशानें त्यास घातलेली ही मर्यादा आहे.

आपल्याकडे काय झालें? तीन खटले पाहूं. पहिला जयपूरचा. तेथील महाराज अल्पवयी असतां राज्याच्या मंत्रिमंडळानें १९२३ सालीं अफूविषयीं एक कायदा ठराव करून मंजूर केला, पण तो गॅझेटांत किंवा अन्यत्र प्रसिद्ध केला नाहीं. पुढें त्या कायद्याखालीं एका सामान्य माणसास ५० रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं ती शिक्षा रद्द केली. निकाल देणारे न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस हे नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. बंद दाराआड झालेल्या ठरावानें माणसास बांधतां येत नाहीं, कायदा कोणत्या तरी ओळखतां येण्याजोग्या रीतीनें जाहीर झालाच पाहिजे, नाहीं तर तें नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध होय, असा त्या निकालाचा आशय आहे.

दुसरा खटला मुंबईचा. २८ नोव्हेंबर १९६२ रोजीं पहांटे झुरिकहून मनिलास जाणारें एक विमान सांताक्रूझला उतरलें. त्यांतील एका जर्मन प्रवाशाच्या जाकिटांत ३४ किलो सोनें निघालें. तो मुंबईंत उतरणार नव्हता. त्यास पुढें जावयाचें होतें. परंतु असें वाटेवरचें सोनेंही विमानाच्या मालाच्या यादींत नोंदविलें पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना ८ नोव्हेंबरला निघून २४ नोव्हेंबरच्या भारतीय राजपत्रांत प्रसिद्ध झाली होती. चार दिवसांपूर्वीं! उच्च न्यायालयानें त्यास सोडलें. सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें दोषी धरलें, मात्र शिक्षा भोगली तेवढीच पुरे केली. येथील राजपत्रांत छापलें गेलें कीं पुरे, परदेशस्थासही वेगळें कळविण्याचें कारण नाहीं, हें बहुमत. न्यायमूर्ति सुब्बाराव यांनीं आपलें भिन्न मत नोंदविलें: जाणून केलें असें दिसल्याशिवाय हा गुन्हा होत नाहीं. जाकिटांत सोनें लपविणारा मनुष्य कांहीं साधुपुरुष नव्हे. तथापि तत्त्वाचा प्रश्न माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून ठेवतां येत नाहीं.

तिसरा खटला अगदीं अलीकडचा. १६ फेब्रुवारी २०१९ रोजीं पाकिस्तानांतून येणाऱ्या मालावरील जकात २०० टक्के करण्यांत आली. ती अधिसूचना विद्युत् राजपत्रावर चढली रात्रीं ८ वाजून ४६ मिनिटें व ५८ सेकंदांनीं. त्याच दिवशीं त्यापूर्वीं अटारीच्या सरहद्दीवर ज्यांनीं मालाचे कागद दाखल केले होते, त्यांच्याकडूनही हीच जकात मागण्यांत आली. कारण कायद्याचा दिवस मध्यरात्रीं सुरू होतो, असें सरकारचें म्हणणें. न्यायमूर्ति चंद्रचूड यांच्या पीठानें २३ सप्टेंबर २०२० रोजीं तें अमान्य केलें. ज्या क्षणीं जाहीर झालें त्या क्षणापासून बंधन. त्याच्या आधीं नाहीं. ज्या देशांत संसदेच्या अधिनियमास, दुसरी तारीख दिली नसेल तर, राष्ट्रपतींच्या संमतीच्या दिवशींच, तोही त्या दिवसाच्या आरंभापासून, अंमल मिळतो, तेथें हा सेकंदांचा हिशेब आम्हांस लहान वाटत नाहीं.

या तीन निकालांवरून आम्हांस एक भेद स्पष्ट दिसूं लागला. चोरी करूं नये, कोणास मारूं नये, हें राजपत्रानें सांगावें लागत नाहीं; तें आईनें सांगितलेलें असतें. तेथें अज्ञानाची सबब ऐकूं नये हेंच योग्य, कारण तेथें कायदा विवेकाचाच पुनरुच्चार करीत असतो. परंतु सोनें अमुक यादींत लिहावें, जकात आजपासून इतकी, हरकत २१ दिवसांत घ्यावी, हें कोणाचाही विवेक आंतून सांगणार नाहीं. सज्जन मनुष्यास तें कितीही सज्जनपणानें कळणार नाहीं. जेथें विवेक बोलतो तेथें राज्य गप्प राहिलें तरी चालेल. जेथें विवेक मुका आहे तेथें राज्यानें मोठ्यानें बोललें पाहिजे. आणि आजच्या कायद्याचा फार मोठा भाग या दुसऱ्या जातीचा आहे.

यावर कोणी म्हणेल, राज्यानें काय कोट्यवधि माणसांच्या कानांत जाऊन सांगावें? हा आक्षेप खरा आहे, पण संपूर्ण खरा नाहीं. २४ मार्च २०२० रोजीं रात्रीं ८ वाजतां पंतप्रधानांनीं जाहीर केलें कीं मध्यरात्रीपासून सारा देश बंद राहील. आणि मध्यरात्र होण्यापूर्वीं तें गांवोगांव ठाऊक झालें होतें. म्हणजे राज्यास मनापासून सांगावयाचें असलें कीं तें सांगतां येतें. सर्व नियम असे सांगणें शक्य नाहीं हें कबूल. पण ज्याची जमीन जाणार त्यास तरी सांगणें अशक्य नाहीं. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यानें प्राथमिक अधिसूचना स्थानिक भाषेंत ग्रामपंचायतींत लावावी व हरकतीस ६० दिवस द्यावे असें ठरविलें, यावरून तें दिसतेंच.

२०१५ सालापासून भारतीय राजपत्र कागदावर छापणें बंद होऊन तें संकेतस्थळावर विनामूल्य मिळतें. हा लाभ मोठा आहे. पूर्वीं राजपत्राचा अंक सामान्य माणसाच्या दृष्टीसही पडत नसे. परंतु कॅलिग्युलाच्या बारीक अक्षरांनीं आतां दुसरीं रूपें घेतलीं आहेत. इंग्रजी भाषा हें त्यांतलें एक. आमच्या राज्यघटनेनें, संसद दुसरी व्यवस्था करीपर्यंत, कायद्यांचा अधिकृत पाठ इंग्रजी ठरविला. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतील पाठ अधिकृत करण्याची सोय १९७३ च्या कायद्यानें झाली. पण मराठी पाठ हातीं आला तरी 'उक्त', 'परंतुक', 'तद्नुषंगिक' या शब्दांच्या जंगलांत तात्या शिरणार कसे? आमच्यासारख्या भाषेच्या अध्यापकासही तेथें दोनदां वाट चुकते. लिपि मोठी असून अर्थ बारीक ठेवतां येतो, हें त्या बादशहास सुचलें नव्हतें.

येथवर आम्हीं राज्यास बोल लावला. तो लावून झाल्यावर स्वतःकडेही पाहणें प्राप्त आहे. तात्यांच्या पिशवींत कात्रणाची जी प्रत होती, तें वर्तमानपत्र आमच्या घरीं रोज येतें. त्या दिवशींचाही अंक आला असला पाहिजे. आम्हीं तो चहाबरोबर चाळला असेल. अग्रलेख वाचला असेल, एखाद्या शब्दाच्या अशुद्ध रूपावर टीकाही केली असेल. आणि गट क्रमांकांनीं भरलेलें तें पान उलटून टाकलें असेल. त्यांत आमच्या गांवाचें नांव होतें. अशोकाच्या आज्ञेंत लेख ऐकवावा असें आहे, म्हणजे कोणी तरी वाचणारा तेथें गृहीत आहे. ज्या समाजांत थोड्यांसच वाचतां येतें, किंवा थोड्यांसच कायद्याची भाषा उमगते, तेथें वाचणारा हा राज्य आणि प्रजा यांमधील दुवा असतो. त्यास तसें नेमलेलें नसलें तरी. सरकारनें प्रसिद्ध केलें आणि तात्यांस कळलें नाहीं, या दोहोंच्या मध्यें जी जागा रिकामी होती ती आमची होती.

म्हणून त्या वचनाचें पठण आम्ही वर्गांत आतां निराळ्या रीतीनें करतों. कायद्याचें अज्ञान ही सबब नाहीं, हें सांगतों. आणि लगेच विचारतों कीं, हें वचन ज्यानें उच्चारावयाचें त्यानें आपला अर्धा भाग पुरा केला आहे काय? राज्यानें केला आहे काय, आणि ज्यांस वाचतां येतें त्यांनीं केला आहे काय?

रस्ता आतां पुरा झाला आहे, आणि चांगला झाला आहे. आम्ही गांवीं जातों ते त्याच्यावरूनच. तात्यांची विहीर त्याच्या पलीकडे आहे. गेल्या खेपेस ते भेटले तेव्हां त्यांनीं तो विषय काढला नाहीं; चहा पाजला, मुलांची चौकशी केली. निघतांना मात्र खिशांतून एक घडी केलेला सरकारी कागद काढून आमच्या हातीं दिला आणि म्हणाले, 'येवढं जरा वाचून दाखवा, मास्तर. मोठ्यानं वाचा.' आम्हीं तो मोठ्यानें वाचला.